पोझिशन सात

आम्हांला एकमेकींची तोंडं माहीत नव्हती.
खंडवा म्हणजे घोगरा आवाज, थोडा सर्दीचा,
उज्जैन झरझर बोलायची, रतलाम उगीच हसायची,
आणि मी इंदूर.
बत्तीस वर्षं त्या तारेवर
मला कुणी नावानं हाक मारली नाही.
"इंदूर, बंबई दे गं, अर्जंट आहे."

छातीवर भोंगा, डोक्यावर लोखंडी कमान;
तिचा चर केसांत राहिलाय,
आजही भांग पाडताना कंगवा तिथं अडखळतो.
समोर भोकंच भोकं.
दिवा लागला की दोरी, दोरी खोचली की "नंबर प्लीज",
आणि सियागंजातून कुणी सेठ: "ओ बहनजी, और कितना टाइम?"
कापसाचा भाव मला त्याच्या आधी कळायचा.
मेलेल्यांची बातमीही.
तीन मिनिटं. मग मध्ये पडून सांगायचं, झाली तीन मिनिटं,
रडणाऱ्यालासुद्धा.

मागे मिसेस पावरी घड्याळ घेऊन फिरायच्या.
लघवीला जायचं तर हात वर, शाळेतल्यासारखा.
ड्यूटी दोन तुकड्यांत: सहा ते दहा, चार ते आठ.
मधले सहा तास कुणाचे?
आयरीन महूहून मीटरगेजनं यायची,
ती घरी जाणार कधी, परतणार कधी?
नेहरू पार्कच्या बाकावर पडून राहायची, पर्स डोक्याखाली,
आणि शिपाई हटकायचा: इथं काय करते?

दिल्लीहून आलेल्या मागण्यांत महागाई भत्ता होता,
किमान वेतन होतं.
बिल्लोरेनं खाली पेन्सिलीनं लिहिलं:
मधले सहा तास.
विश्रांतीला एक खोली, आतून कडी असलेली.
युनियनचे पुरुष हसले.
तिनं खोडलं नाही. शाईनं गिरवलं.

संपाच्या दिवशी मी आत गेले.
कारण सांगते, तुम्ही सबब म्हणा:
ह्यांची मिल बंद, पाळण्यात पोर,
आणि मी अजून टेम्पररी.
मागल्या दारानं, सायकल स्टँडातून.
पुढच्या फाटकाशी त्या उभ्या होत्या,
आयरीन, बिल्लोरे, कुमुद खासगीवाले, नफीसा कुरेशी.
घोषणा द्यायच्या होत्या, पण
हळू बोलायचाच पगार घेत आलेल्या,
आवाज चढेना कुणाचा.
शेवटी नफीसा म्हणाली, अगदी बोर्डावरच्या सुरात,
"नंबर प्लीज?"
आणि बाकीच्या:
"कोई नंबर नहीं लगेगा!"
हे मला भिंतीतून ऐकू आलं.

आत सगळा बोर्ड पेटला होता. बावीस खुर्च्या, मी एक.
खंडव्याच्या भोकात दोरी खोचली.
तिच्याकडे कॉल नव्हता.
"इंदूर," ती म्हणाली, "तू आत?"
मी म्हटलं, "तूही आतच की."
"मला क्वार्टरातून उचलून आणून बसवलंय."
मला कुणी आणलं नव्हतं.
मग नुसती तार, तिची खरखर.
तीन मिनिटं होऊन गेली.
मध्ये पडून सांगायला कुणी नव्हतं.

अकराजणी सस्पेंड. बिल्लोरे चौदा दिवस आत,
वेगळ्या आत.
मला ऑक्टोबरात कायम केलं. पेढे वाटले नाहीत.

ती परतली तेव्हा उन्हाळा लागला होता.
पहिल्या तारखेला कँटीनमध्ये वर्गणीचं पुस्तक उघडून बसली.
मी चार आणे ठेवले.
तिनं ते बघितले, मला नाही.
"नाव?"
तीन वर्षं पोझिशन आठवर बसत होती ती,
माझ्या डब्यातलं लोणचं खात होती.
"शरयू मुंगी," मी सांगितलं,
नव्यानंच भेटल्यासारखं.
तिनं लिहिलं. पावती फाडून दिली.

ती आहे अजून, रेशनकार्डाच्या पाकिटात.
बोर्ड केव्हाच भंगारात गेला, किलोवर.
खोली मिळाली चार वर्षांनी,
दोन खाटा, एक माठ, आतून कडी.
दुपारी मीही पडायची तिथं कधी कधी,
कडी न लावता.